फेरारी ३२८ जीटीएस : आठ महिने आणि सात हजार किलोमीटरनंतर

गाडी १९८७ ची, उजव्या स्टिअरिंगची, ब्रिटनमध्ये नोंदलेली. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ती आठवड्यातून किमान दोनदा रस्त्यावर आली. त्यात पाऊस, शहरातली गर्दी, लांबचा मोटरवे, सगळं आलं. सात हजार किलोमीटरच्या थोडं पुढे गेलोय. जुनी फेरारी म्हटलं की लोक ती झाकून ठेवतात आणि नेमकं तिथेच तिचं बिघडतं. त्यामुळे खालचं सगळं ज्यांना ही गाडी खरोखर चालवायची आहे त्यांच्यासाठी.

३२८ का, हे समजायला तिचा वंश थोडक्यात पाहावा लागतो. मूळची ३०८ जीटीबी, म्हणजे बंद छताची, ऑक्टोबर १९७५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली. रेखाटन पिनिनफारिनाचं, लिओनार्दो फिओराव्हान्ती तिथे असतानाचं. सीटमागे आडवं बसवलेलं २,९२६ सीसीचं व्ही-८, चार वेबर कार्बोरेटर, युरोपात २५५ अश्वशक्ती. सुरुवातीच्या ७१२ गाड्यांची बॉडी फायबरग्लासची होती, १९७७ मध्ये पत्रा आला आणि त्याच वर्षी छताचा मधला भाग निघणारी जीटीएस आली. १९८० मध्ये प्रदूषणाच्या नियमांपायी कार्बोरेटर गेले, बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन आलं आणि ताकद २१४ वर घसरली. १९८२ च्या क्वात्रोव्हाल्व्होलेने दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह देऊन ती २४० वर आणली. इटलीत दोन लिटरच्या वरच्या गाड्यांवर जबर कर असल्याने तिथल्या गिऱ्हाइकांसाठी १,९९१ सीसीची २०८ निघाली. ती फारच मंद, म्हणून पुढे तिला टर्बो बसवला. १९८५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ३२८ आली: ३,१८५ सीसी, ७,००० आरपीएमला २७० अश्वशक्ती. १९८९ मध्ये ती बंद झाली आणि ३४८ आली.

या यादीतून निवड करताना आमचं मत पक्कं आहे. आवाज आणि पेडलची तत्परता हवी, वेळ आणि हातात कसब असेल, तर कार्बोरेटरवाली. शुद्ध संग्रहासाठी फायबरग्लास. पण आठवड्यातून दोनदा चालवायची असेल तर ३२८. १९८० ची इंजेक्शनवाली दोन व्हॉल्व्हची गाडी स्वस्त मिळते, पण अंगात दम कमी जाणवतो. क्वात्रोव्हाल्व्होले छान आहे, फक्त चाकं तपासून घ्या: अनेकींवर मिशलिनचे टीआरएक्स टायर असतात, ३९० मिलिमीटर रिमचे. ते टायर आज मोजक्याच ठिकाणी मिळतात आणि महाग पडतात. ३२८ ला सरळ १६ इंची चाकं आहेत, पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५०. टायर बदलायची वेळ आली की या एका गोष्टीचं मोल कळतं.

आता ३२८ निवडण्याचं सर्वात मोठं कारण. ३४८ मध्ये इंजिन लांबीत बसवलं, त्यामुळे टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवणारे रबरी पट्टे, केबिनच्या मागच्या भिंतीला भिडले आणि ते बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. ३०८ आणि ३२८ मध्ये इंजिन आडवं, म्हणून बेल्टची बाजू गाडीच्या उजव्या अंगाला येते आणि ते काम इंजिन जागेवर ठेवून होतं. क्लचसुद्धा डाव्या मागच्या चाकाच्या कोनाड्यातून निघतो. मजुरीतला फरक प्रचंड आहे.

बेल्ट दोन आहेत, सिलिंडरच्या दोन्ही ओळींना एकेक. क्रँकवरून आधी गिअर फिरतात आणि मग त्यांच्या पुलींवरून हे आखूड बेल्ट निघतात. बेल्ट तुटला किंवा दोन दात सरकला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून यात काटकसर नको. जुन्या पुस्तिकेतला किलोमीटरचा हिशोब विसरा. रबर वयाने मरतं. तीन ते पाच वर्षांत बदलाच, गाडी उभी असली तरीही.

काम असं चालतं. बॅटरी सोडा, गाडी स्टँडवर घ्या, उजवं मागचं चाक आणि कोनाड्यातलं आतलं आवरण काढा. एसीचा कॉम्प्रेसर बाजूला सरकवा, नळ्या न सोडता. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पाहत पीएम १-४ ही खूण (पहिला पिस्टन सर्वात वर आल्याची) जुळवा. मग चारही कॅमशाफ्टच्या खुणा त्यांच्या टोप्यांवरच्या खुणांशी जुळतात का ते तपासा. एखादी आधीच चुकलेली असेल तर ते आत्ताच कळायला हवं. जुन्या बेल्टवर आणि पुलींवर रंगाने खुणा करा. बेल्ट निघताच एखादा कॅमशाफ्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबाने टुणकन फिरतो. घाबरू नका, पण तो जोरात मागे-पुढे करू नका. पान्याने हळू हळू खुणेवर आणा. नवा बेल्ट चढवून टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचा) नट सैल ठेवा, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने. मग नट आवळा, पुन्हा दोन फेरे, पुन्हा चारही खुणा. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, थांबून खुणा पाहा.

फक्त बेल्ट बदलून कोणी बिल देत असेल तर ते काम अर्धवट आहे. दोन्ही टेन्शनरचे बेअरिंग, कॅमशाफ्टचे तेलाचे सील आणि बेल्ट फिरवणाऱ्या पुलींमागचे बेअरिंग त्याच वेळी बघावे लागतात. सील गळला की तेल बेल्टवर जातं आणि नवा बेल्टही फुगतो. थंड इंजिनवर उजवीकडून बारीक किणकिण येत असेल तर बहुधा याच बेअरिंगची.

दुसरा कळीचा विषय के-जेट्रॉनिक. यात संगणक नाही. हवेचा प्रवाह एक तबकडी उचलतो, ती इंधन मोजणारा दांडा सरकवते, आणि सुमारे ५ बार दाबाचं पेट्रोल आठही इंजेक्टरला सतत मिळतं. यंत्र साधं आणि प्रामाणिक आहे, पण जुन्या पेट्रोलचं त्याला वावडं. गाडी चार-पाच महिने उभी राहिली की पेट्रोलचा चिकट थर दांड्यावर बसतो; गाडी चालू होते, पण अडखळते. नियमित चालणाऱ्या गाडीत हा त्रास फारसा दिसत नाही. दुसरं लक्षण: थंड गाडी एका झटक्यात सुरू होते, पण पेट्रोल भरून दहा मिनिटांनी सुरू करायला गेलं की बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. तिथे बहुतेकांचा हात इग्निशनकडे जातो. आधी इंधनाचा ॲक्युम्युलेटर तपासा. इंजिन बंद झाल्यावर नळ्यांतला दाब टिकवणं हे त्याचं काम. आतला पडदा फाटला की दाब उतरतो, गरम नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. दाबमापक लावून बंद इंजिनवर वीस मिनिटं काटा पाहिला की निदान पक्कं होतं.

इंधनाच्या रबरी नळ्या सरसकट बदला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं रबर त्याला टिकत नाही. या गाडीला आम्ही ई-५ सुपरच, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं पेट्रोल, देतो. पेट्रोलच्या दोन टाक्या इंजिनच्या कुशीत आहेत. त्यांना जोडणारी मोठी नळीही वयात आलेली असते आणि ती सहज दिसत नाही. इंजिनच्या जागेत पेट्रोलचा जरासाही वास आला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.

गिअरबॉक्सबद्दल. पहिला गिअर डावीकडे खाली, दुसरा-तिसरा समोरासमोर, आणि उघड्या धातूच्या जाळीतून दांडा टकटक करत जातो. तेल गरम होईपर्यंत दुसरा गिअर अडतो. हा दोष समजून कोणी गिअरबॉक्स उघडायला सांगितला तर नकार द्या. पहिली आठ-दहा किलोमीटर पहिल्यातून थेट तिसऱ्यात जा. इंजिनला खालच्या फेऱ्यांवर पुरेशी ओढ आहे, ३०४ न्यूटन मीटर ४,००० ला. तेल गरम झाल्यावरही दुसरा गिअर करकरत असेल तर मात्र सिंक्रो (गिअर जुळताना वेग सारखा करणारी कडी) गेलाय आणि किमतीत तो धरायला हवा.

वीज हा या गाड्यांचा सर्वात कुरकुरा भाग. फ्यूजच्या पेटीतले जोड वयाने सैल होतात, सैल जोड तापतो, तापला की प्लास्टिक वितळतं. रेडिएटरचे पंखे आणि हेडलाइट एकदम चालू असताना पेटीला हात लावून पाहा, कोणता फ्यूज गरम आहे ते कळतं. नव्या बनावटीच्या पेट्या मिळतात आणि आमच्या मते हा पहिला खर्च असावा. काचा संथ चढतात. मोटर बदलण्याआधी खाचेतलं वाळलेलं ग्रीस साफ करून सिलिकॉन लावा, निम्मा फरक तिथेच पडतो.

पाणी बदललं की हवा काढायला विसरू नका. रेडिएटर नाकात, इंजिन पाठीत, मधे लांब नळ्या, त्यामुळे हवा अडकते आणि काटा विनाकारण चढतो. रेडिएटरच्या वरचा स्क्रू सैल करून पाणी सलग येईपर्यंत थांबा. एवढं केल्यावर ऑगस्टच्या कोंडीतही तापमान शंभराच्या पुढे गेलं नाही.

चालवायला कशी? स्टिअरिंगला पॉवर नाही. पार्किंगमध्ये खांदे दुखतात, पण वीसच्या वर वेग गेला की रस्त्यावरचा प्रत्येक खडा हातात येतो. ४,५०० च्या पुढे आवाज धारदार होतो आणि ७,००० पर्यंत ओढ कमी होत नाही. ओल्या वळणावर मध्येच पाय उचलू नका. इंजिन मागच्या चाकांच्या पुढ्यात असल्याने शेपूट सुटते ती झटकन. सरासरी लिटरला सात किलोमीटर, मोटरवेवर नऊच्या आसपास. मागच्या डिक्कीत दोन मऊ पिशव्या मावतात, पण खाली एक्झॉस्ट असल्याने ती तापते. तिथे चॉकलेट किंवा औषधं ठेवू नका. छताचा तुकडा सीटमागे उभा राहतो. त्याचं रबर आकसलं की पावसात काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब येतात. रबरला दर दोन महिन्यांनी सिलिकॉन लावून हे बरंच आटोक्यात राहिलं.

१९८८ च्या मध्यापासून एबीएस मिळू लागलं आणि त्यासाठी सस्पेन्शन बदललं. ओळखायला सोपं: चाकांचा चेहरा आत गेलेला असेल तर आधीची, बाहेर फुगलेला असेल तर नंतरची. दोन्हींची चाकं एकमेकींना चालत नाहीत. ब्रेकिंगसाठी नंतरची घ्यावी. दिसायला आधीची जास्त देखणी वाटते.

पाहायला जाताना विकणाऱ्याला गाडी आधी सुरू करू नका असं सांगा आणि इंजिनवर हात ठेवून खात्री करा. थंड सुरुवात, मग वीस मिनिटांची फेरी, बंद करून पंधरा मिनिटं थांबणं, आणि पुन्हा स्टार्टर. रंगाखाली भरलेली पुट्टी ओळखायला सोबत चुंबक न्या: दारांची खालची कड, चाकांच्या कमानी आणि हेडलाइटमागचा पत्रा. बेल्टचं बिल पाहताना त्यावरची तारीख वाचा आणि खाली टेन्शनर बेअरिंग लिहिलंय का तेही बघा.