सिल्व्हर ज्युबिली : आठ महिन्यांनंतर

‘सिल्व्हर ज्युबिली’ या जुन्या इंग्लिश गाडीचं चालतं मॉडेल मी घरी जमवलंय. इंजिन हातात आलं तेव्हा वाटलं, अर्धं काम झालं. ‘सिल्व्हर लिंक’, क्रमांक 2509, ओओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या 1:76 आकाराचं. मूळ इंजिनाचा रचनाकार ग्रेस्ली याचं ते पाचरीसारखं नाक, करडा रंग, चाकांवर अर्धवट उतरलेले पत्रे. आठ महिने चालवून आता सांगतो, इंजिन हा या गाडीतला सोपा भाग. जीव काढला तो डब्यांनी.

30 सप्टेंबर 1935 पासून खरी गाडी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून न्यूकॅसलपर्यंतचे 268 मैल चार तासांत कापायची. डबे सात, पण बोग्या दहाच. (आपण डब्यालाच बोगी म्हणतो, इथे बोगी म्हणजे डब्याखालचं चार चाकांचं गाडं.) दोन, तीन, दोन असे डबे कायमचे जोडलेले आणि प्रत्येक जोडावर दोन डब्यांची टोकं एकाच बोगीवर टेकलेली. मी घेतलेल्या तयार सेटमध्ये मात्र प्रत्येक डब्याला आपापल्या दोन, एकूण चौदा. लांबून कळत नाही. पण एकदा मोजल्या की दुसरं काही दिसतच नाही! शेवटी जादाच्या चार काढून टाकल्या आणि पितळी पट्टीचे सांधे घरीच कापून बसवले. त्यात दोन महिने गेले.

खऱ्या गाडीत डब्यांमधली फटही रबराने झाकलेली होती, वारा अडू नये म्हणून. मी करड्या फुग्याच्या पट्ट्या चिकटवल्या. पहिले काही आठवडे देखणं दिसलं. एप्रिलच्या पुणेरी उन्हाळ्यात रबर चिकट झालं आणि एका वळणावर तिसरा डबा चौथ्याला घेऊनच रुळावरून उतरला. आता नायट्रिलचे हातमोजे कापून वापरतो. दोन महिने झाले, अजून टिकलेत.

रंगाबद्दल एकच सांगतो. डब्यांच्या बाजूंवर मुळात रुपेरी रेक्झिन होतं. बाजारातला चकचकीत चंदेरी स्प्रे मारलात तर गाडी स्टीलच्या डब्यासारखी दिसते. मी वर मॅट वार्निशचा पातळ हात दिला, मग कुठे कापडाचा भास आला.

एक खोट काही केल्या जात नाही. दोन रुळांमधलं 16.5 मिमी अंतर या स्केलला चार फूट दीड इंच भरतं. खरं चार फूट साडेआठ इंच. समोरून पाहिलं की इंजिन अरुंद पायांवर उभं वाटतं. पी4 वाले, म्हणजे हे अंतर अचूक राखणारे हौशी, 18.83 मिमी वापरतात, पण तेवढं सगळं उखडायची माझी हिंमत नाही. म्हणून मी समोरून बघत नाही.

तेल घालताना पत्रे आड येतात. इंजिन फोमवर उताणं ठेवायचं, बारीक सुईने एकेक थेंब सोडायचा. खऱ्या इंजिनांवरचे हे पत्रे देखभालीला सोपं जावं म्हणून युद्धकाळात काढून टाकले, ते का हे पहिल्याच महिन्यात कळलं. पावसाळ्यात रुळांवर काळी पुटं चढतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा रोज फिरवावा लागतो.

वेगाचं मात्र जमलं. चाचणीत 27 सप्टेंबर 1935 ला खरी गाडी ताशी 112.5 मैलांवर गेली होती. स्केलमध्ये ते सेकंदाला जेमतेम 66 सेंटीमीटर. रोजची सरासरी 67 मैल, म्हणजे साधारण 39. माझा चार मीटरचा सरळ रूळ माझी गाडी दहा सेकंदांत पार करते. पाहुणे म्हणतात, “अहो, जरा जोरात सोडा की.” मी नॉबला हात लावू देत नाही.