लॉगचं टूल, आठ महिन्यांनी: २०८९ म्हणजे काय हो?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात विंडोज सर्व्हर एक आणि तो बघणारा मी एकटा. सिक्युरिटी लॉग (सर्व्हरवर कोणी काय केलं याची नोंदवही) वाचून मेल धाडणारं एक टूल मालकांच्या गळी उतरवलं, वर्षाला अठरा हजार. नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटायचंय.

सुरुवातीला खूश होतो. सर्व्हरवरचं कोणाचंही खातं बदललं की ४७३८ चा मेल हजर (विंडोज प्रत्येक प्रकारच्या नोंदीला असा नंबर देतं). गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) सुट्टी संपवून आलो तर हिशेबाच्या मॅडमच्या खात्याचा मेल पडलेला: जुना यूएसी (खात्याच्या सेटिंग्जचा एकत्र आकडा) १०, नवा २१०, दोन्ही हेक्समध्ये (सोळाच्या पायात), खाली नुसतं ‘%%२०८९’. टूलच्या मदत-पानावर तक्ता होता: १० लॉकआउट, २०० साधं खातं. म्हणजे खातं लॉक! "मॅडम, किती वेळा पासवर्ड चुकवलात?" त्या सुट्टीभर मंगळवेढ्याला माहेरी. दोन दिवस अबोला. शेंगाचटणीचा डबाही माझ्याकडे सरकला नाही.

शेवटी विंडोजमधलाच, लॉग दाखवणारा फुकटातला इव्हेंट व्ह्यूअर उघडला. २०८९ च्या जागी सरळ लिहिलेलं: ‘डोन्ट एक्स्पायर पासवर्ड - एनेबल्ड’. टूलवाल्यांनी तक्ता अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (नेटवर्कभरची खाती सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) चिकटवला होता आणि ४७३८ मधले आकडे असतात सॅमचे (विंडोजच्या खात्यांच्या डेटाबेसचे). तिथे १० म्हणजे साधं खातं, २०० म्हणजे पासवर्डला मुदत नाही. लॉक झालं असतं तर ४७४० ही नोंद आली असती! अठरा हजार घेऊन एवढं साधं भाषांतर जमू नये?

बदल कोणी केला? नोंदीतल्या सब्जेक्टमध्ये (बदल करणाऱ्याच्या रकान्यात) ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, आणि तो पासवर्ड तिघांकडे (चूक माझीच). तिथला लॉगॉन आयडी घेऊन ४६२४ (लॉगइनची नोंद) शोधली, पत्ता निघाला मेंटेनन्सवाल्याच्या लॅपटॉपचा. दर ४२ दिवसांनी पासवर्डची मुदत संपली की मॅडमचा फोन नको म्हणून गडी ‘मुदत नाही’ची टिक मारून मोकळा.

टूलवाल्यांना फोन केला. "सर, फीचर रिक्वेस्ट टाकतो." दोन महिने झाले.

नंतर कळलेलं: चाचणीचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात घातलं तर टूल गप्प. गटातली भर ४७३२ मध्ये येते, ती हाताने जोडावी लागली. एका गोष्टीचे गुण मात्र देतो. लॉग भरला की विंडोज जुन्या नोंदींवर नव्या लिहितं, टूलकडे त्यांची प्रत राहते. पण त्यासाठी अठरा हजार? दुसऱ्या डिस्कवर रोज कॉपी टाकणारी बॅच फाइल मीच लिहिली, तीन ओळींची.

मॅडमच्या खात्यावरची टिक काढली. परवा पासवर्डची मुदत संपली आणि सकाळी पावणेदहाला फोन आलाच.