विंडोज नसलेला कम्प्युटर आणि लिनक्स मिंट २२, महिनाभर वापरून

विंडोज नको म्हटल्यावर स्वस्तात पडतंय म्हणून बेळगावातल्या एका दुकानातनं कम्प्युटर घेतला, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, मिंट हा तिचाच एक प्रकार) टाकून देतो म्हणाला आणि दिला तो अर्धवट, वडगावात घरी येऊन लावतोय तर वायफायच नाही. फोन केला तर "उद्या बघू या की ओ". दुकानाला एक स्टार, तोपण पिशवी चांगली दिली म्हणून.

मिंटला मात्र चार. मोबाईल यूएसबी केबलनं जोडला, टेदरिंग (मोबाईलचं नेट कम्प्युटरला देणं) चालू केलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यानं स्वतःच वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) शोधला, रीस्टार्ट केल्यावर चालू! खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोजसारखंच, त्यामुळं आईपण बिचकली नाही. कीबोर्ड सेटिंगमधे मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी) घातले, शिफ्ट दाबून एन मारलं की ळ, बेळगाव लिहायला तेवढंच तर पायजे. लिबरऑफिसमधे (एमएस ऑफिससारखंच, पण फुकट) वर्डच्या फायली उघडतात पण टेबलं जरा हलतात. एक स्टार कापला तो जुन्या प्रिंटरसाठी, अर्धा रविवार खाल्ला त्यानं. २०२९ पर्यंत अपडेट फुकट मिळणारेत, टाका बिनधास्त, फक्त आधी मिंट इन्स्टॉल न करता पेनड्राईव्हवरनंच चालवून वायफाय, आवाज सगळं बघून घ्या, मी ते केलं नव्हतं.