समोरचा दात गेला तर: लगेच इम्प्लांट, थांबून इम्प्लांट की ब्रिज?

वरच्या पटाशीच्या दातांपैकी एखादा काढावा लागणार असेल, तर खर्चाचा हिशेब करण्याआधी आरशात शेजारच्या दातांचा आकार बघा. दात चौकोनी, बुटके असतील तर हिरडी बहुधा जाड असते आणि तिच्याखालचं हाडही दणकट. लांबट, त्रिकोणी, हिरडीपाशी निमुळते होणारे दात असतील तर दोन्ही पातळ असण्याचा संभव जास्त. हा नुसता कल आहे. पक्कं सीबीसीटी स्कॅनमध्येच, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्येच, कळतं. एरवीही समोरच्या दातांवरचं ओठाकडचं हाड बहुतेकांत १ मिलिमीटरपेक्षा कमीच भरतं.

हे पातळ हाड दाताच्याच जिवावर टिकलेलं असतं. दात काढला की ते विरघळू लागतं, आणि वर्षभरात त्या जागेची रुंदी साधारण निम्म्यावर येते. त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्याच दिवशी इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू, ज्यावर पुढे दाताच्या आकाराची कॅप चढते) बसवला तरी ती थांबत नाही, हे जाहिरातीत सहसा नसतं.

म्हणून लगेच इम्प्लांट चौकोनी दातवाल्यांना जास्त मानवतो. ओठाकडची हाडाची भिंत अखंड, किमान १ मिलिमीटर जाड आणि जागा पू-संसर्गाविना असेल तर एक शस्त्रक्रिया वाचते. त्रिकोणी दातवाल्यांनी मात्र चार ते आठ आठवडे थांबावं असं मला वाटतं. तेवढ्यात हिरडी भरून येते आणि इम्प्लांटसोबत हाडाची भर घालता येते. घाई केली तर हिरडी वर सरकून कॅप शेजारच्या दातापेक्षा लांब दिसू लागते.

दुसरी अडचण दातांमधल्या काळ्या फटीची. शेजारचे दात एकमेकांना जिथे टेकतात तिथून हाडापर्यंतचं अंतर ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर मधली हिरडी जवळपास नेहमी फट भरते, असं १९९२च्या एका अभ्यासात नैसर्गिक दातांबाबत दिसलं. ६ला निम्म्याहून थोडी जास्त वेळा, ७ला साधारण पाव. त्रिकोणी दात टोकाशीच टेकतात, म्हणून हे अंतर वाढतं. कॅप थोडी चौकोनी करून घेणं हा त्यावरचा साधा उपाय.

ब्रिज म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात. त्यासाठी शेजारचे दात घासावे लागतात. ते धडधाकट असतील तर मी ब्रिजच्या वाटेला जाणार नाही. त्यांच्यावर आधीच कॅप असेल तर गोष्ट वेगळी. गेलेल्या दाताच्या जागचं हाड मात्र झिजत राहतं आणि कालांतराने खोट्या दाताखाली फट दिसू शकते. अर्थात मोकळेपणी हसतानाही तुमची हिरडी ओठाआडच राहत असेल, तर यातल्या निम्म्या चिंता तुमच्या नाहीतच.