‘दिवंगत मॉडेलकाराचा संग्रह’: मालडब्यांच्या बाजारातली एक फसवणूक

अमेरिकेतल्या वाफेच्या काळातल्या मालगाड्यांची मॉडेल्स बनवणारे, जमवणारे मराठी लोक संख्येने थोडे आहेत. पुण्यात, ठाण्यात, न्यू जर्सीत, टेक्सासात विखुरलेले आहेत. त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. 12 बांधलेल्या डब्यांच्या व्यवहारात एका विक्रेत्याने माझे हजारावर डॉलर बुडवले. त्याच माणसाने पुण्यातल्या माझ्या एका मित्रालाही त्याच पद्धतीने लुबाडलं. ही पद्धत आपला छंद आतून ओळखणाऱ्याने रचलेली आहे, म्हणून ती बारकाईने सांगणं मला गरजेचं वाटतं.

आपण पैसे कशाचे मोजतो, हे नव्याने या छंदात येणाऱ्यांना माहीत असायला हवं. एचओ प्रमाणात, म्हणजे 1:87 मध्ये, खऱ्या डब्याचा एक फूट साडेतीन मिलिमीटरचा होतो. 40 फुटी बॉक्सकार, म्हणजे चारी बाजूंनी बंद मालडबा, जेमतेम 14 सेंटिमीटर भरते. दुकानात तयार मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या बॉक्सकारने कुणाचंही समाधान व्हावं, पण ज्याला एखादं साल, एखादा मार्ग हुबेहूब उभा करायचा असतो त्याचं होत नाही. मी पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा मिडल डिव्हिजन बनवतो, हॅरिसबर्गजवळच्या एनोला यार्डापासून अल्टूनापर्यंतचा, आणि साल धरलंय 1948. त्या मार्गावरून जाणाऱ्या मालगाडीत साऱ्या देशातल्या कंपन्यांचे डबे असायचे. प्रत्येक कंपनीचे डबे वेगळे, आणि एकाच कंपनीचे वेगवेगळ्या वर्षांचे डबेही वेगळे: टोकाच्या भिंतीची घडण वेगळी, छप्पर वेगळं, दाराची रुंदी वेगळी. यातले कितीतरी प्रकार मोठे कारखाने कधीच बनवत नाहीत. ते बनवतात एकटे-दुकटे कारागीर, रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात.

रेझिनचा संच म्हणजे काय मेहनत असते! आधी एक माणूस जुने फोटो आणि कंपनीची मूळ रेखाचित्रं शोधतो. मग प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून मूळ नमुना घडवतो, एकेक रिव्हेट मोजून बसवतो. त्यावर सिलिकॉन रबराचा साचा ओततो. असा साचा काही डझन ओतकामांनंतर झिजतो, मग नवा करावा लागतो. घेणारा या सुट्या भिंती जोडतो, साधारण तीन दशांश मिलिमीटरची भोकं पाडून तारेचे हातधरे बसवतो, खालची ब्रेकची नळी न् नळी ओढतो, रंग देतो, अक्षरांचे आणि चिन्हांचे डेकल (पाण्याने चिकटवायचे पातळ छाप) लावतो, आणि शेवटी त्यावर धूळ-काजळी चढवतो. चांगला डबा हातून उतरायला महिने जातात. म्हणून बांधलेल्या डब्याला कुणी 90 डॉलर मागितले तर ते जास्त नसतात. आणि म्हणूनच इथे खोट्याला जागा आहे: माल दुर्मीळ, किंमत मोठी, आणि खरेपणा ओळखणारे डोळे मोजके.

जाहिरातीत लिहिलं होतं की एका वयोवृद्ध मॉडेलकाराचं निधन झालं असून त्यांचा संग्रह कुटुंब विकायला काढत आहे. विक्रेता स्वतःला त्यांचा पुतण्या म्हणवत होता. फोटो अप्रतिम होते. मी प्रश्न विचारले, त्यांची उत्तरंही आली, आणि उत्तरांत ‘काकांच्या वहीत असं लिहिलंय’ असे तपशील होते. पहिल्यांदा मी दोनच डबे मागवले, खरेदीला संरक्षण असलेल्या मार्गाने पैसे भरून. ते वेळेवर आले आणि खरोखर उत्तम होते. एकावर मूळ संचातला माहितीचा कागदसुद्धा घडी करून ठेवलेला होता. हे दोन डबे त्याने कुणाकडून तरी पूर्ण किमतीला विकत घेऊन मला तोट्यात दिले असणार, असं आता वाटतं. ते गळाला लावलेलं आमिष होतं.

त्यानंतर त्याचं पत्र आलं. उरलेल्यांपैकी 12 डबे एकगठ्ठा घेतले तर प्रत्येकी 90 डॉलर, एकूण 1,080. फक्त पैसे सरळ बँकेतून पाठवा, कारण मृत्युपत्राचं काम पाहणाऱ्या वकिलांना इस्टेटीच्या खात्यात नोंद दाखवायची आहे. कारण पटण्यासारखं होतं. अमेरिकेत माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेचे हिशेब खरोखरच असे वेगळ्या खात्यात ठेवतात, आणि विक्रेत्याने नेमका हाच खरा रिवाज वापरला. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर एवढंच मागा: इस्टेटीच्या नावाचं खातं. माझे पैसे ज्या खात्यात गेले ते एका व्यक्तीच्या नावाचं होतं, हे बँकेने तक्रारीनंतर सांगितलं.

पार्सल यायला उशीर होत गेला. आधी आईचं आजारपण, मग पॅकिंगचं सामान नाही, मग टपालाचा घोळ. प्रत्येक निरोप नम्र, काकुळतीचा. हा उशीर हेतुपुरस्सर होता, कारण बहुतेक ठिकाणी तक्रारीला मुदत असते आणि ती संपत जात होती.

शेवटी खोकं आलं, उघडलं. माझे वडील भुसावळच्या यार्डात टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारे ट्रेन एक्झामिनर, होते. वॅगन आली की ते आधी वाकून तिचा खालचा भाग बघायचे. ती सवय माझ्यात आली आहे, मी पहिलाच डबा उलटा केला. त्या एका डब्याने सगळं सांगितलं.

अमेरिकन मालडब्यांना आधी के प्रकारचा ब्रेक असायचा. त्यात सिलेंडर आणि हवेची टाकी बहुधा एकमेकांना जोडून एकच लांबट तुकडा असतो. 1933 पासून नव्या डब्यांना एबी ब्रेक सक्तीचा झाला. त्यात सिलेंडर, दोन कप्प्यांची टाकी आणि झडप असे तीन सुटे भाग डब्याखाली वेगवेगळ्या जागी बसतात. 1948 साली काही जुन्या डब्यांवर के ब्रेक शिल्लक होताच, एका कंपनीचे डबे दुसरीच्या मार्गावर जातात त्या देवाणघेवाणीच्या वाहतुकीतून तो 1953 मध्ये हद्दपार झाला. पण हातातल्या डब्यावर बांधणीची तारीख 1941 ची होती, आणि खाली के ब्रेकचा एक ओबडधोबड ठोकळा चिकटवलेला. असा डबा कधी बांधलाच गेला नव्हता.

वरचा भागही खोटाच. ‘सांता फे, 1941’ म्हणून, म्हणजे सांता फे रेल्वेचा म्हणून, पाठवलेल्या या डब्याचं अंग पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या कंपनीच्या पीएस-1 नमुन्याचं होतं, ज्याची रचनाच 1947 मध्ये आली. त्याची टोकं आणि छपरावरच्या पट्ट्यांचा विशिष्ट आकार एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. स्वस्तातला तयार डबा घेऊन, मूळ अक्षरं खरवडून, नवे डेकल लावले होते. जाहिरातीत ‘तारेचे हातधरे’ म्हटलं होतं, इथे ते भिंतीतच ओतलेले, जाडजूड. पेनसिल्व्हेनियाचा एक्स-29 होता, ज्याच्यावर माझी सगळ्यात जास्त भिस्त होती. 1920 च्या दशकातला हा पोलादी डबा कंपनीकडे हजारोंनी होता, माझ्या गाडीत तो नसेल तर गाडीच खोटी. त्याला कंपनीच्या स्वतःच्या 2डी-एफ8 बोग्या, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटी, हव्यात. होत्या कुठल्यातरी सर्वसाधारण. डब्यावर लिहिलेली वजन-तपासणीची तारीख 1948 ची, आणि शेजारी पेनसिल्व्हेनिया कंपनीचं सावली असलेलं कीस्टोन चिन्ह, जे कंपनीने 1954 मध्ये आणलं. सहा वर्षं पुढचं चिन्ह लावणाऱ्याला तो डबा काय आहे याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

मला सर्वांत जास्त संताप आला तो एक्स-26 पाहून. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या आणि 1918 मध्ये यूएसआरएने, म्हणजे त्या चालवणाऱ्या सरकारी खात्याने, एकसारख्या नमुन्याच्या 1,00,000 मालडब्यांची मागणी नोंदवली. त्यातल्या एकेरी फळ्यांच्या बॉक्सकारना पेनसिल्व्हेनियाने एक्स-26 हा वर्ग दिला: आत लाकडी फळ्या आणि बाहेर उघडा पोलादी सांगाडा. पाठवलेला डबा रेझिनचाच होता, पण संच मूळ कारागिराचा नव्हता. कुणीतरी एक खरा संच विकत घेऊन त्याच्यावरच साचा ओतला होता आणि नकला काढल्या होत्या. रेझिन घट्ट होताना किंचित आक्रसतं, म्हणून नकलेची नक्कल मुळापेक्षा आखूड होते. माझ्याकडे त्याच डब्याचा अस्सल, न जोडलेला संच होता. दोन्हींच्या भिंती शेजारी ठेवल्या, कॅलिपर लावला. नकलेची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक तोकडी होती. फळ्यांमधल्या खाचा भरलेल्या, रिव्हेटची डोकी बसकी, कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे. एका माणसाने महिनोन् महिने डोळे फोडून बसवलेले रिव्हेट दुसऱ्याने एका दुपारीत चोरले. असे चोर वाढले तर हे छोटे कारागीर नवे नमुने काढणं थांबवतील, आणि जे डबे आज कुणी बनवत नाही ते कधीच बनणार नाहीत. माझ्या पैशांपेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने आधी माफी मागितली. खोकी अदलाबदल झाली, परत पाठवा, मिळताच पैसे देतो, म्हणाला. दिलेल्या पत्त्यावर पाठवलेलं पार्सल ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत आलं. त्यानंतर उत्तरं थांबली.

मग एक गोष्ट घडली. फिलाडेल्फियाजवळ प्रोटोटाइप मॉडेलकारांचा, म्हणजे खऱ्या डब्यांबरहुकूम मॉडेल बनवणाऱ्यांचा, मेळावा भरतो. तिथे स्पर्धा नसते. लोक आपापले डबे लांब टेबलांवर मांडतात आणि शेजारी संदर्भाचे फोटो ठेवतात. एका टेबलावर मला जाहिरातीतला सांता फेचा डबा दिसला. तोच क्रमांक, छपरावरच्या चालपट्टीची तीच एक नवी, फिकट फळी, दाराशेजारी यार्डातल्या कारकुनाने काढल्यासारखी खडूची तीच खूण. ज्यांनी तो बांधला होता ते गृहस्थ टेबलामागे उभे होते, धडधाकट. ‘दिवंगत काका’ कुणी नव्हताच. त्यांनी आपल्या कामाचे फोटो वर्षांपूर्वी लोकांना शिकता यावं म्हणून मोकळेपणाने दिले होते, आणि चोराने ते उचलले होते. मी डब्याखालचा फोटो मागितला तेव्हा आलेला फोटोसुद्धा त्यांच्याच दुसऱ्या एका डब्याचा निघाला. माझ्या आधीही कुणी त्यांना असंच येऊन विचारलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी मला तक्रारीसाठी लेखी निवेदन दिलं.

तेव्हापासून मी फोटो वेगळ्या रीतीने मागतो. डबा उलटा करून, शेजारी त्या दिवसाची तारीख आणि माझं नाव हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून, टोकाच्या भिंतीचा आणि ब्रेकच्या बाजूचा जवळून फोटो. ज्याच्या हातात डबा आहे त्याला हे काम पाच मिनिटांचं आहे. जाहिरातीतला फोटोच इंटरनेटवर शोधायला देऊन तो आधी कुठे आला होता ते पाहा. संग्रह कुणा दिवंगत माणसाचा असेल तर ते कुठल्या क्लबात, कुठल्या रेल्वेच्या ऐतिहासिक संस्थेत होते हे विचारा; इतकं काम केलेला माणूस या छोट्याशा जगात अनोळखी राहत नाही. वजनही विचारा. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचं वजन एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असावं, म्हणजे सहा इंची डबा चार औंसांचा. बांधणाऱ्याला ते तोंडपाठ असतं. माझ्या विक्रेत्याने या एकाच प्रश्नाला बगल दिली होती. आणि पैसे? खरेदीदाराला संरक्षण असलेल्या मार्गानेच. ‘मित्र-नातेवाइकांना पाठवा’ या सदराखाली किंवा थेट बँकेतून भरलेल्या पैशांना ते संरक्षण नसतं, मग कारण कितीही सोज्ज्वळ असो.

भारतातल्या मित्रांसाठी वेगळं सांगायला हवं. माझ्या पुण्याच्या मित्राने डबे अमेरिकेतल्या भाच्याच्या पत्त्यावर मागवले होते, कारण थेट मागवलं तर टपालखर्च आणि कस्टम्स दोन्ही अंगावर येतात. आपल्यात सगळे असंच करतात. भाच्याने पार्सल न उघडता कपाटात ठेवलं, आणि दिवाळीला येताना बॅगेतून आणलं. तोवर तक्रारीची 30 दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती. विक्रेत्याने माझ्या मित्राला आधीच विचारलं होतं, ‘माल भारतात कधी पोचेल?’ तेव्हा तो प्रश्न आपुलकीचा वाटला होता. तेव्हा भाचा असो, बहीण असो, पार्सल आल्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून त्यांच्याकडून खोकं उघडून घ्या, डबे उलटे करून पाहा, आणि खोक्यावरच्या टपालाच्या चिठ्ठीचा फोटो ठेवा.

माल टपालाने आला असेल तर अमेरिकेत पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार करता येते, आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी एफबीआयच्या आयसी3 या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे. भारतातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मी दोन्ही तक्रारी केल्या आहेत, सोबत कॅलिपरची मापं, दोन्ही भिंतींचे फोटो आणि त्या गृहस्थांचं निवेदन जोडलं आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. ज्या कारागिराच्या एक्स-26 ची नक्कल झाली, त्याला मी तो डबा पाठवून दिला. चोराच्या साच्यात उतरलेला बुडबुड्यांचा नेमका नमुना त्याने नोंदवून ठेवला आहे, म्हणजे त्याच साच्यातला दुसरा डबा कुठे विकायला आला तर ओळखता येईल. तुमच्याकडे अलीकडे घेतलेला एक्स-26 असेल, तर डाव्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या दोन फळ्यांवर, तीन बुडबुडे ओळीने आहेत का ते भिंगातून पाहा.