रॉकसाठी हँडवायर्ड ट्यूब ॲम्प घ्यायचाय: ट्वीड, व्हॉक्स की प्लेक्सी?

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा, ॲम्प तुम्हाला किती मोठ्याने वाजवता येणार आहे? महिन्यातून एकदा मित्राच्या स्टुडिओत किती ते सोडा, रोज, तुमच्या खोलीत, शेजारी घरी असताना. या जुन्या धाटणीच्या सर्किटांना मास्टर व्हॉल्युम नसतो, म्हणजे फुटलेला आवाज हळू करून देणारा वेगळा नॉब नसतो. रॉकचा जो आवाज आपल्या कानात बसलाय त्यातला थोडाच प्रीॲम्पमधून, म्हणजे ॲम्पच्या सुरुवातीच्या टप्प्यातून येतो, बाकीचा येतो पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब), आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर या तिघांवर नीट ताण पडला की मग, आणि तो ताण कुठल्या ॲम्पमध्ये किती आवाजाला पडतो यावर सगळा खेळ आहे.

मी हे उलट केलं. आधी ५० वॉटचं प्लेक्सी (साठच्या दशकातल्या मार्शल ॲम्पचं नाव) धाटणीचं हेड (स्पीकर वेगळा असलेला ॲम्प) घेतलं, फोटो बघून, आणि दोन वर्षं त्याचा व्हॉल्युम २ च्या वर नेताच आला नाही. २ वर ते पातळ आणि टोचरं वाजायचं, मला वाटायचं ॲम्पमध्येच काहीतरी बिघाड आहे. बिघाड काही नव्हता, ते सर्किटच तसं आहे, का ते खाली सांगतो. म्हणून ही तुलना ब्रँडपेक्षा सर्किटांची आहे. आज जे लहान-मोठे बिल्डर हँडवायर्ड, म्हणजे हाताने सोल्डर केलेले, ॲम्प बनवतात त्यातले बरेचसे याच तीन घराण्यांतले असतात.

आधी ट्वीड, म्हणजे फेंडरचे जुने ॲम्प. ट्वीड बरेच आहेत पण मी बोलतोय फेंडर डिलक्सच्या ५ई३ सर्किटबद्दल, १९५५ ते १९६० मधलं. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, १२ ते १५ वॉट, एक १२ इंची स्पीकर, दोन व्हॉल्युम, एक टोन, संपलं. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देऊन आवाज आवरणं) नाही म्हणजे आवाजाला लगाम नाही, आणि रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा भाग, ५वाय३ ट्यूबचा. नॉबवर १२ पर्यंत आकडे असतात पण ४ च्या आसपासच आवाज फुटायला लागतो आणि त्यापुढे मोठेपणा फारसा वाढत नाही, दाटपणा वाढतो. कॉर्ड जोरात मारला की रेक्टिफायरमागचं व्होल्टेज क्षणभर खाली येतं, सूर आधी दबतो आणि मग फुगून वर येतो, यालाच सॅग म्हणतात आणि एकदा बोटांना त्याची सवय झाली की दुसरा ॲम्प कोरडा वाटायला लागतो. नील यंगचा तो फाटका, भरलेला, आत्ता मोडेल की काय असा आवाज १९५९ च्या डिलक्सचाच आहे.

यातली गंमत म्हणजे दोन्ही व्हॉल्युम एकमेकांत गुंतलेले आहेत. तुम्ही ज्या चॅनलला गिटार लावलीच नाही त्याचा नॉब फिरवला तरी आवाज बदलतो, गेन थोडा इकडेतिकडे होतो, वरचे सूर कमीजास्त होतात. त्यामुळे तीनच नॉब असून यात आठवडे जातात. दुखणं एकच आणि ते मोठं आहे, खर्ज. हंबकरवाली (दोन कॉइलच्या जाड आवाजाच्या पिकअपची) गिटार लावून ८ च्या वर नेलात की खालच्या तारांचा नुसता चिखल होतो. उपाय म्हणजे गिटारचा व्हॉल्युम ६-७ वर ठेवा, किंवा बिल्डरला सांगून ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारे) काढून ०.०२२ चे बसवून घ्या, बराच फरक पडतो. पण पाम म्यूट करून (तारांवर तळहात टेकवून) घट्ट, वेगाचे रिफ वाजवायचे असतील तर ट्वीड घेऊच नका, तो त्याचा पिंडच नाही.

व्हॉक्स म्हणजे एसी ३० टॉप बूस्ट. चार ईएल८४ पॉवर ट्यूब, यातही निगेटिव्ह फीडबॅक नाही, पण ट्वीडसारखा हा ढिला पडत नाही. वरचे हार्मॉनिक आधी चमकतात आणि त्या चमकेतूनच हळूहळू ड्राइव्ह, म्हणजे फुटलेला आवाज, उगवतो, त्यामुळे तीन-चार सुरांचा कॉर्ड ड्राइव्हमध्येही सुटा सुटा ऐकू येतो, आणि हे बाकी दोघांना इतकं जमत नाही. मिडल नॉब नाही, ट्रेबल आणि बेस एकमेकांवर परिणाम करतात, आणि कट नावाचा नॉब आहे तो उलटा चालतो, वाढवला की वरचा आवाज कापला जातो. नव्याने घेतलेली मंडळी हमखास इथे अडकतात. ॲम्प कर्कश वाटला तर ट्रेबल कमी करण्याआधी कट वाढवून बघा.

क्वीनच्या ब्रायन मेचा टोन हवा असेल तर मात्र टॉप बूस्ट चॅनलकडे जायचंच नाही. तो नॉर्मल चॅनल पूर्ण उघडतो, पुढे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवून ॲम्पमध्ये पाठवणारा छोटा डबा), आणि स्वच्छ-घाण सगळं गिटारच्या व्हॉल्युमवरून. रोरी गॅलाघरनेही रेंजमास्टर (असाच एक ट्रेबल बूस्टर) आणि एसी ३० ही जोडी वापरलीय. उघडा ॲम्प आणि पुढे ट्रेबल बूस्टर हे समीकरण मला कुठल्याही डिस्टॉर्शन पेडलपेक्षा जिवंत वाटतं, कारण पेडल स्वतःचा आवाज लादतो आणि बूस्टर ॲम्पलाच पुढे ढकलतो.

आता त्रास. ३० वॉट ऐकून माणसं फसतात. मूळ अल्निको ब्लू स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला किती आवाज) १०० डीबी आहे आणि असे दोन, म्हणजे ड्रमरच्या शेजारी बसूनही हा ॲम्प कानठळ्या बसवतो. वजन ३० किलोच्या पुढे. ईएल८४ फार तापवून चालवलेल्या असतात, ट्यूब लवकर बदलाव्या लागतात. याच घराण्यात एसी १५ आहे, दोन ईएल८४ आणि एक स्पीकर, आणि बहुतेकांनी खरं तर तोच घ्यायला हवा.

प्लेक्सीची जन्मकथा माहीत असली की तिचा आवाज लवकर कळतो. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात फेंडर बेसमनचं ५एफ६-ए सर्किट समोर ठेवून जेटीएम ४५, प्लेक्सीचा पूर्वज, बनवला गेला. सर्किटच्या रेघोट्या जवळजवळ त्याच. पण पहिल्या ट्यूबच्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ आली, तिचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर ४५ च्या आसपासवरून थेट १०० वर जातो, आणि उघड्या कॉम्बोमधल्या चार १० इंचींऐवजी मागून बंद कॅबिनेटमध्ये चार १२ इंची सेलेशन स्पीकर. पुढे पॉवर ट्यूब ईएल३४ झाल्या, रेक्टिफायर ट्यूब जाऊन डायोड आले, सॅग कमी झाला आणि पिकचा फटका दगडासारखा लागायला लागला. यात निगेटिव्ह फीडबॅक आहे म्हणून फुटेपर्यंत आवाज घट्ट धरलेला राहतो आणि मग एकदम गुरगुरतो. मिड पुढे. एसी/डीसीचा अँगस यंग घ्या नाहीतर हेंड्रिक्स, गिटार वेगळी, हात वेगळा, ॲम्पचा तो गळा तोच.

माझं हेड २ वर टोचायचं त्याचं कारण म्हणजे ब्राइट चॅनलच्या व्हॉल्युमवरचा साधारण ५००० पिकोफॅरडचा ब्राइट कॅप. व्हॉल्युम कमी असताना तो वरचा आवाज नॉबला वळसा घालून थेट पुढे पाठवतो आणि खालचा मागेच राहतो. ७-८ च्या पुढे त्याचा परिणाम जवळजवळ जातो. म्हणजे हा ॲम्प मोठ्याने वाजवण्यासाठीच आखलेला आहे. कमी आवाजात वापरायचा असेल तर तो कॅप काढून टाका किंवा १०० ते ५०० पिकोफॅरडचा लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, ज्याला येतं त्याच्याकडून. शिवाय दोन्ही चॅनल छोट्या केबलने जोडा, जम्पर म्हणतात त्याला, ब्राइट ६, नॉर्मल ४, बेस २, मिडल ८, ट्रेबल ५, प्रेझेन्स ३ इथून सुरुवात करा. बेस २ बघून दचकू नका, आवाज वाढला की खर्ज स्पीकरच भरून काढतो.

एकच ए चा पॉवर कॉर्ड तिघांतून मारून बघा. ट्वीडमध्ये तो आधी आत जातो मग पसरतो, दोन सूर एकमेकांत मिसळतात आणि कडा राहत नाही. व्हॉक्समध्ये कडा आधी येते आणि शेपूट घंटेसारखी झंकारत राहते. प्लेक्सी छातीवर मारते. आता गिटारचा व्हॉल्युम ४ वर आणा. ट्वीड स्वच्छ होतो पण थोडा मऊ, झाकलेला. व्हॉक्स सगळ्यात सुंदर स्वच्छ होतो. प्लेक्सी स्वच्छ होते पण पिक जोरात लागला की परत दात दाखवते, आणि हाच गुण मला तिच्यात सगळ्यात आवडतो, एका नॉबवर अख्खा कार्यक्रम निघतो.

मग घ्यायचा कुठला? घरी वाजवता, सिंगल कॉइल पिकअपची गिटार आहे, ब्लूज आणि सैलसर रॉक, तर ट्वीड, फार विचार करू नका. बँडमध्ये दुसरा गिटारिस्ट आहे आणि तो आधीच जाड मिडवाला आवाज काढतो, तर व्हॉक्स, तुमचा कॉर्ड त्याच्या वरून ऐकू येईल. बँडमध्ये एकटे गिटारिस्ट, रिफ वाजवणारे, हंबकर, तर प्लेक्सी, पण ५० वॉट. १०० वॉट म्हणजे दुप्पट मोठा आवाज नव्हे, फक्त ३ डीबी जास्त, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणूनच ५ वॉटचा ॲम्पसुद्धा खोलीत प्रचंड वाटतो, आणि म्हणूनच १०० डीबीऐवजी ९७ डीबीचा स्पीकर लावणं हे अर्धे वॉट केल्यासारखंच आहे, घरासाठी हा उपाय स्वस्त आहे आणि लोक विसरतात.

प्लेक्सीचा गळा हवा आणि आवाज परवडत नाही त्यांनी मार्शलच्याच जुन्या १८ वॉटवर, म्हणजे १९७४ नावाच्या मॉडेलवर बेतलेले ॲम्प बघा (१९७४ हा मॉडेल नंबर आहे, मूळ ॲम्प साठच्या दशकातला). आत दोन ईएल८४, म्हणजे अंग व्हॉक्सचं आणि बोली मार्शलची. मी शेवटी इथेच थांबलोय. ॲटेन्युएटर, म्हणजे ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारा डबा, हाही पर्याय आहे, पण मोठ्या ॲम्पला थोडा खाली आणायला तो छान, कुजबुजीपर्यंत खाली आणला की स्पीकर हलतच नाही आणि बोटांना मिळणारा जाब निघून जातो.

हँडवायर्ड या शब्दाबद्दल थोडं. हाताने सोल्डर केलं म्हणून आवाज आपोआप चांगला होत नाही, ट्रान्सफॉर्मर, वायरींची मांडणी आणि स्पीकर यांनी जास्त फरक पडतो, नीट आखलेला पीसीबीवाला (छापील सर्किट बोर्डचा) ॲम्पही उत्तम वाजतो. टरेट बोर्ड किंवा टॅग स्ट्रिपवर (सोल्डर करायच्या खुंट्या असलेल्या पट्ट्यांवर) बांधलेल्या ॲम्पचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. ट्यूबचे सॉकेट आणि पॉट चॅसीवर बसवलेले असतात, बोर्ड उष्णतेने करपत नाही, आणि तो कपलिंग कॅप किंवा ब्राइट कॅप बदलायला एक सोल्डरिंग आयर्न पुरतं. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

देखभालीत ५ई३ आणि व्हॉक्स सोपे, दोन्ही कॅथोड बायस, म्हणजे पॉवर ट्यूबमधला प्रवाह आपोआप जुळतो, ट्यूबचा जुळलेला संच घातला की झालं. प्लेक्सी फिक्स्ड बायस, पॉवर ट्यूब बदलल्या की बायस सेट करावाच लागतो. आणि कुठलाही असो, स्पीकर न जोडता चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. माहिती नसेल तर आत हातही घालायचा नाही, प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज शिल्लक असू शकतो, जीव जाऊ शकतो.

ट्रायलला जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या, पेडल घरी ठेवा. तिथला माणूस ॲम्प ३ वर लावून देईल, त्याला विचारून पाच मिनिटं तरी तो तुमच्या रोजच्या आवाजाला वाजवा, मग पाच मिनिटं पूर्ण उघडा, आणि दोन्ही वेळा गिटारचा व्हॉल्युम १० वरून ३ पर्यंत सावकाश खाली आणत एकच रिफ वाजवत राहा.