८×४२ची दुर्बीण, जांबोटीच्या रानात दीड वर्ष

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या मागच्या कुंपणाला लागूनच रान आहे. पण इतकी वर्षं आमच्या मुलांना शेकरू म्हणजे फांद्यांतून पळालेली शेपूट आणि धनेश म्हणजे डोक्यावरून गेलेला आवाज, एवढंच ठाऊक. म्हणून गेल्याच्या गेल्या दिवाळीत बेळगावला जाऊन स्वतःच्या पैशातून दुर्बीण आणली. साडेनऊ हजार पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या मापाच्या दुर्बिणी बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला सांगायचं आहे ते मापाबद्दल.

दुकानात माझ्यापुढे पहिल्यांदा २०×५०ची ठेवली होती. वीस पट मोठं दिसतं म्हटल्यावर कुणालाही तीच घ्यावीशी वाटेल. मी दिरांची १०×५० काही दिवस वापरलेली होती, म्हणून सावध झाले. पहिला आकडा जेवढा मोठा, तेवढा हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो, आणि बघण्याचा पट्टा अरुंद होत जातो. आमच्या दाट रानात पाखरू सापडायलाच वेळ लागतो; तोवर ते उडून जातं. माझ्या ८×४२मधून हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यापर्यंत पोचतो. पहाटे झाडाखाली अंधार असताना याचाच उपयोग होतो. (हा भागाकार सातवीच्या मुलांकडून करून घेतला, आता ती दुसऱ्यांना समजावून सांगतात.)

मार्च महिन्यात ओढ्यापलीकडच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत मलबारी राखी धनेशाचं घरटं आहे, असं एका मुलाच्या आजोबांनी सांगितलं. आम्ही ओढा ओलांडला नाही. अलीकडच्या बांधावर बसलो. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि अंडी उबवायची तेव्हापासून तिला खायला घालायचं काम नराचं. हे मी वर्गात कितीदा तरी शिकवलेलं. त्या दिवशी नर आला, फांदीवर बसला, मान वर केली आणि घशातून एकेक फळ काढून फटीत द्यायला लागला. दुर्बीण होती त्या पाचवीतल्या मुलीकडे. ती हळू आवाजात मोजत गेली, "बारा... तेरा... बाई, अजून देलालाय की वो!" सतरावर थांबली. आम्ही इतके लांब होतो की नराने आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. नुसत्या डोळ्यांनी हे बघायचं तर झाडाखाली जावं लागलं असतं, आणि मग नर आलाच नसता. ढोलीतली मादी उपाशी राहिली असती. मला या दुर्बिणीचा सगळ्यात मोठा गुण तोच वाटतो.

मोठा गरुड धनेश शाळेजवळ एकदाच मिळाला. आभाळात कुणी सूप पाखडतंय असा पंखांचा आवाज आधी आला, म्हणून दुर्बीण उचलायला वेळ मिळाला. दांडेलीकडे काळी व्याघ्र प्रकल्पात धनेशाच्या चारही जाती आहेत. तिथे जीपमधून बघताना एक शिकले, इंजिन बंद करायला सांगा. नाहीतर कुठलीही दुर्बीण थरथरतेच.

पावसाचं. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. दुकानात स्वस्तातली, पाणी आत जाणारीही होती. ती घेऊ नका. माझीच्या आत नायट्रोजन भरलेला आहे, त्यामुळे आतून वाफ धरत नाही. ऑगस्टमध्ये गोकाकला नेली होती. घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते, तुषारांनी आम्ही चिंब झालो; दुर्बीण नुसती पुसली आणि पुन्हा डोळ्याला लावली. पावसाळ्यात मी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. कापडी पिशवीत तशीच ठेवली तर भिंगांवर बुरशी येते, दिरांच्या दुर्बिणीचं तेच झालं.

हिवाळ्यात बैलहोंगलच्या बाजूला विजेच्या तारेवर नीलपंख दिसला. तो कर्नाटकाचा राज्यपक्षी. आमच्या कुंपणावरच्या किंजळीत उड्या मारतं ते शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मुलांना हे फार आवडलं, वहीत शेजारी शेजारी चित्रं काढली.

आता त्रासाचं. गळ्यातला पट्टा रुतायचा, तो बदलून घेतला. पुढची टोपणं दुसऱ्याच महिन्यात रानात पडली. पण खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला दुकानात सुचलीच नाही. दोन नळ्या बिजागरीवर पूर्ण मिटल्या तरी डोळ्याकडच्या दोन भिंगांच्या मध्यांत ५६ मिलिमीटर अंतर उरतं. पहिली-दुसरीच्या मुलांचे डोळे त्याहून जवळ असतात. त्यांना दोन काळी वर्तुळं दिसतात आणि ती घाबरून म्हणतात, "बाई, मला दिसंनाच." त्यांना मी एकाच नळीतून बघायला देते. वजनही लहानग्यांना जड होतं, ६४० ग्रॅम आहे. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडची रबरी कडी खाली फिरवून घ्यावी, चष्मा काढायची गरज नाही. दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी उजव्या डोळ्याची वेगळी कडी असते, ती एकदा जुळवून तिथे पेनाने खूण करा, कारण मुलं ती फिरवतातच. आणि सूर्याकडे कधीही रोखायची नाही, हे मी दर वेळी हातात देण्याआधी म्हणवून घेते.

मोठ्यांसाठी आणि चौथीच्या पुढच्या मुलांसाठी हीच घ्या, असं मी खात्रीने सांगेन. दुसरीतल्या लेकरांसाठी मी अजून शोधते आहे. ८×३२ चालेल असं वाटतं, पण नळ्या ५० मिलिमीटरपर्यंत मिटणारी हवी. बेळगावात कुणाच्या दुकानात पट्टी लावून मोजू देत असतील तर कळवा, मी मुलांना घेऊनच येईन.